पीडीएफ फिरते आहे, हक्क कुणाचा?

प्रश्न : माझ्या वडिलांची कादंबरी १९९८ साली निघाली. करार दीड पानाचा. ‘पुस्तकरूपाने प्रकाशित करण्याचे सर्व हक्क प्रकाशकांकडे’ एवढंच त्यात आहे, मुदत लिहिलेली नाही. वडील २००९ मध्ये गेले. आता कादंबरीची स्कॅन केलेली पीडीएफ वाचकांच्या गटांमध्ये फिरते आहे. प्रकाशकांना सांगितलं तर म्हणाले, ‘ई-हक्क आमच्याकडे नाहीत, आम्ही काय करणार?’ मग मीच ई-बुक काढते म्हटलं, तर म्हणाले, ‘पुस्तक आमचं आहे.’ खरं काय?
— एक वाचक, लातूर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तीस वर्षं मुद्रितशोधन केल्यामुळे असे दीड पानी करार भरपूर पाहिलेत. लेखक विश्वासानं सही करतो आणि कागद ट्रंकेत जातो.

आधी मुदतीचं बघू. करारात ती नसेल, तर आपला कॉपीराइट कायदा पाच वर्षं धरतो. हे कलम १९९५ पासून लागू आहे, आणि तुमचा करार त्यानंतरचा. म्हणजे नंतरचं काही लेखी नसेल तर २००३ मध्येच हक्क वडिलांकडे परत आले. आता ते वारसांचे, २०६९ च्या अखेरपर्यंत. तरीही नंतरची पत्रं, मानधनाच्या पावत्या, नव्या आवृत्तीच्या वेळचे कागद ट्रंकेतून काढून वकिलाला दाखवा. एखाद्या ओळीनं सगळं बदलतं.

पीडीएफचं म्हणाल, तर पुनरुत्पादनाच्या हक्कात इलेक्ट्रॉनिक साठवणही येते, त्यामुळे स्कॅन ही प्रतच झाली. ज्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर ती आहे, त्यांना वारस म्हणून लेखी तक्रार द्या. नियमानुसार त्यांनी ३६ तासांत ती पीडीएफ बंद करायला हवी. मात्र २१ दिवसांत कोर्टाचा आदेश सादर झाला नाही, तर ते ती पुन्हा खुली करू शकतात. तेव्हा वकील आधीच गाठून ठेवा.

प्रकाशकांच्या पहिल्या उत्तराचं मला वाईट वाटलं, कारण ही अडचण खरी आहे. पुस्तक घडवायला तेही राबतात, पण आपल्याकडे प्रकाशकाला लेखकानं लिहून दिलं तेवढंच मिळतं. ब्रिटनमध्ये छापील पानाच्या मांडणीवर प्रकाशकाचा २५ वर्षं हक्क असतो, इथे तसा नाही. जपानमध्ये प्रकाशनहक्क कागदापुरताच होता. २०१४ मध्ये कायदा बदलला आणि २०१५ पासून लेखकाकडून तो हक्क घेतलेला प्रकाशक इंटरनेटवरच्या चोरीविरुद्धही स्वतः उभा राहू शकतो. पण हक्क घेतला की ठरल्या मुदतीत पुस्तक काढावंही लागतं. मला ही जोड फार मोलाची वाटते. आपल्या कायद्यातही वर्षभरात न वापरलेला हक्क सुटतो, पण ‘करारात वेगळं ठरलं नसेल तर’. ही पळवाट गेली पाहिजे असं माझं ठाम मत आहे. ई-हक्क घेऊन दहा-दहा वर्षं नुसता कपाटात ठेवलेला मी पाहिला आहे.

प्रकाशक चांगले असतील तर तोडू नका. नवा करार करा : छापील पुस्तकाचं कलम वेगळं, ई-बुकचं वेगळं, दोन्हींना मुदत आणि मानधन स्वतंत्र. ई-बुकचा एकमेव परवाना (म्हणजे ते सोडून दुसऱ्या कुणालाही, तुम्हालासुद्धा, ई-बुक काढता येणार नाही असा) लेखी दिलात, तर चोरीविरुद्ध ते स्वतःच्या नावानं कोर्टात जाऊ शकतील.

स्वतः काढलंत तर मुखपृष्ठ तसंच उचलू नका. त्या चित्राचा हक्क वेगळा : प्रकाशकांनी मानधन देऊन ते काढून घेतलं असेल आणि वेगळं काही ठरलं नसेल तर बहुधा प्रकाशकांचा, नाहीतर चित्रकाराचा. आधी तो कुणाकडे आहे ते शोधा, त्यांना विचारा.