काळा वळू घेण्याआधी
अमेरिकेतला ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा गोमांसाचा ब्रँड १९७८ पासूनचा. अँगस ही मांसासाठी पाळली जाणारी गुरांची जात. नावात अँगस असलं तरी पहिली चाळणी रंगाची आहे: जनावराचं मुख्य अंग काळं हवं. वंशावळीचा कागद कुणी मागत नाही. म्हणून तुमच्या लाल, पांढऱ्या तोंडाच्या हेरफर्ड जातीच्या गायींना काळा अँगस वळू लावलात, तर पांढऱ्या तोंडाची काळी वासरंही चालतात. मात्र वळू होमोझायगस काळा (म्हणजे रंगाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती काळ्या) असल्याचा डीएनए अहवाल आधी बघा, नाहीतर निम्मी वासरं लाल निघतील. शारोले जातीच्या गायींवर तेही पुरत नाही. त्यांचं रंग फिका करणारं जनुक वासरांना राखाडी करतं.

रंग म्हणजे फक्त प्रवेश. कत्तलीनंतर मार्बलिंग (मांसातली चरबीची जाळी) ‘मॉडेस्ट’ या श्रेणीचं किंवा वर हवं, वशिंड २ इंचांपेक्षा उंच नको. ब्राह्मन जातीचं रक्त जास्त असेल (आपल्या गीर-कांकरेजचेच ते वंशज), तर तिथेच बाद.

आणि जादा पैसे पॅकर (कत्तलखान्याची कंपनी) देतो, ब्रँड नव्हे, तेही ग्रिडवर, म्हणजे मांसाच्या प्रतीनुसार ठरणाऱ्या दराने विकलं तर. दूध तोडताच वासरं लिलावात काढणार असाल, तर काळ्या रंगाला मिळेल तेवढीच चढी बोली तुमची. दरवर्षी अँगसवर अँगस करत गेलात तर संकराचा जोम (दोन जातींच्या मिश्रणातून मिळणारा फायदा) जातो. गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं आणि वासरांचं वजनही. हेरफर्ड गायी इतक्यात विकू नका.