तौलनिक धर्माभ्यासात एमए झालंय, आता पीएचडी, फेलोशिप आणि नोकरी कुठे शोधायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एमए झालंय, कुठल्याही धर्मसंस्थेशी बांधिलकी नाही, संशोधनच करायचंय; पण शोधायला बसलं की धर्मोपदेशक घडवणारे अभ्यासक्रमच समोर येतात. मी या विषयात शिकवते आणि पीएचडीचे अर्ज वाचते, म्हणून निवडणाऱ्यांना काय दिसतं ते सांगते.

या क्षेत्रातल्या पुष्कळशा कामाच्या जाहिरातींत ‘धर्म’ हा शब्दच नसतो. मध्ययुगीन इस्लामवर काम करणाऱ्याला जागा मिळते इतिहास विभागात, तिबेटी बौद्ध परंपरेवर काम करणाऱ्याला आशियाई अभ्यासात, यात्रा-उत्सवांवर लिहिणाऱ्याला मानववंशशास्त्रात. डेन्मार्कच्या आरहूस विद्यापीठात धर्माकडे आकलनविज्ञानाच्या, म्हणजे मन कसं चालतं याच्या अभ्यासाच्या अंगाने बघणारा गट आहे. जर्मनीतल्या गटिंगनमध्ये माक्स प्लांक या संशोधनसंस्थेचं केंद्र धार्मिक आणि वांशिक विविधतेवर काम करतं, तिथे समाजशास्त्रज्ञही भेटतील. म्हणून शोध घेताना आधी तुमचं साहित्य कुठल्या भाषेत, प्रदेशात आणि काळात आहे ते लिहून काढा, मग त्या शब्दांनी शोधा.

धर्मोपदेशकांचे अभ्यासक्रम मध्ये येतात त्याला इतिहास आहे. हा विषय युरोपात थिऑलॉजीच्या, म्हणजे श्रद्धेच्या आतून केलेल्या धर्मशास्त्राच्या, घरातच वाढला. माक्स म्युलरने धर्मविज्ञानावर लंडनमध्ये व्याख्यानं दिली 1870 साली; नेदरलँड्समध्ये 1876 च्या उच्च शिक्षणाच्या कायद्यानंतर लायडनला टीले या डच धर्माभ्यासकासाठी अध्यासन निघालं. जर्मनीत आजही बऱ्याच जागा कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट थिऑलॉजीच्या विद्याशाखेत असतात, आणि तिथे उमेदवार त्या चर्चचा सदस्य असावा अशी अट असू शकते. अमेरिकेत 1963 च्या शेम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतलं बायबलवाचन घटनाबाह्य ठरवलं, पण धर्माबद्दल शिकवायला हरकत नाही असंही म्हटलं. त्यानंतर सरकारी विद्यापीठांत धर्माभ्यासाचे विभाग वाढले. ब्रिटनमध्ये धर्माभ्यासक निनियन स्मार्ट यांनी 1967 मध्ये लँकेस्टरला उभा केलेला विभाग याच वळणाचा. तेव्हा विद्यापीठाच्या नावाआधी जागा कोणत्या विद्याशाखेत आहे ते बघा. ‘डिव्हिनिटी स्कूल’ (विद्यापीठातली थिऑलॉजीची शाखा) दिसलं म्हणून पान मिटू नका मात्र. हार्वर्ड आणि शिकागोच्या डिव्हिनिटी स्कूलमध्ये कुठलीही श्रद्धा नसलेले संशोधकही असतात.

आता पैसा, कारण गोंधळ इथेच सर्वात जास्त होतो. अमेरिकेतली चांगली विद्यापीठं पीएचडीला प्रवेश देतानाच फी माफ करून साधारण पाच वर्षांचा स्टायपेंड, म्हणजे राहण्या-खाण्याचा भत्ता, देतात. स्टायपेंडशिवाय प्रवेश मिळाला तर तो सौजन्याने नाकारावा, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटनमध्ये प्रवेश आणि निधी हे दोन वेगळे निर्णय. प्रवेशाचं पत्र हातात आणि पैसे शून्य, असं सर्रास घडतं, आणि निधीची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधीच संपलेली असू शकते. जर्मनी, नेदरलँड्स आणि नॉर्डिक देशांत पीएचडी ही पुष्कळदा पगारी नोकरीच असते. तिची रिक्त पदासारखी जाहिरात येते आणि विषयाची चौकट प्रकल्पाने आधीच ठरवलेली असते. आपलाच विषय करायचा हट्ट असेल तर हा मार्ग जाचतो. नसेल तर पहिला अर्ज इथेच करा.

अर्ज वाचताना मी आधी काय बघते? भाषा. मूळ ग्रंथ, शिलालेख किंवा लोकांच्या मुलाखती ज्या भाषेत आहेत ती तुम्हाला येते का? ‘अनुवादांच्या आधारे सर्व धर्मांतील मुक्तीच्या कल्पनेची तुलना’ असलं प्रपोजल कितीही तळमळीने लिहिलं तरी पडतं. एक परंपरा, एक काळ, स्रोतांची एक भाषा आणि त्याच विषयावरच्या विद्वत्तेची दुसरी भाषा (बहुतेकदा जर्मन किंवा फ्रेंच) एवढं असेल तर अर्ज पुढे सरकतो. एमएनंतरचं एक वर्ष भाषेवर घालवलं तर ते वाया जात नाही, उलट बायोडेटातली तीच ओळ सर्वात जड ठरते.

डॉक्टरेटनंतरच्या संधींपैकी दोन-तीनच सांगते. हार्वर्ड डिव्हिनिटी स्कूलचा स्त्रिया आणि धर्म या विषयावरचा संशोधन कार्यक्रम 1973 पासून चालू आहे. वर्षाला पाच संशोधक घेतात, त्यांनी आपलं पुस्तक लिहायचं आणि एक अभ्यासक्रम शिकवायचा. युरोपियन युनियनची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी पोस्टडॉक (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) फेलोशिप कुठल्याही राष्ट्रीयत्वाच्या माणसाला खुली असते, पण तिची स्थलांतराची अट नीट वाचा: ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेले असाल तर अर्ज बाद. आणि हस्तलिखितांशी संबंध असेल तर ब्रिटिश लायब्ररीचा एन्डेंजर्ड आर्काइव्ह्ज प्रोग्रॅम बघा. 2004 पासून तो धोक्यात असलेल्या दस्तऐवजांच्या डिजिटायझेशनला अनुदान देतो, त्यात धार्मिक हस्तलिखितांचे संग्रह भरपूर असतात. अशा कामातून ग्रंथालयं आणि संग्रहालयांत जे दरवाजे उघडतात त्यांच्याकडे आपले लोक उगीच दुय्यम म्हणून बघतात.

कायम अध्यापकाच्या जागा मात्र कमी आहेत, हे गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे हुशार लोक मला माहीत आहेत. पीएचडी सुरू करतानाच दुसरी वाट डोळ्यासमोर ठेवा.

परिषदांपैकी अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ रिलिजनचं नोव्हेंबरमधलं वार्षिक अधिवेशन सर्वात मोठं. त्यासाठी सारांश वर्षाच्या सुरुवातीलाच मागवतात, आणि या संस्थेकडे नोकऱ्यांच्या जाहिरातीही असतात. धर्मेतिहासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएएचआरची, जागतिक परिषद पाच वर्षांतून एकदा भरते. 2025 ची पोलंडमधल्या क्राकोला झाली. मधल्या वर्षांत युरोपियन संघटनेची वार्षिक परिषद असतेच. पहिल्या निबंधासाठी मी छोट्या, एकाच विषयाच्या कार्यशाळा सुचवीन. तिथे पंधरा माणसं असतात, पण ती पंधराही तुमचा निबंध वाचून आलेली असतात.

मेलवर आपणहून आमंत्रण आलं, ‘आपले थोर कार्य वाचून प्रभावित झालो’ असं लिहिलं, आणि धर्म, व्यवस्थापन व नॅनोतंत्रज्ञान एकाच परिषदेत असलं तर तो मेल उडवा. नियतकालिकांचंही तसंच. ‘न्यूमेन’ किंवा ‘हिस्ट्री ऑफ रिलिजन्स’सारखी नियतकालिकं निबंध छापायला लेखकाकडून पैसे मागत नाहीत. पैसे लागतात ते तुम्ही स्वतः ओपन अ‍ॅक्सेस (निबंध सगळ्यांना फुकट वाचायला खुला) निवडलं तर, आणि पुष्कळदा तेही विद्यापीठच भरतं.

तुमची स्रोतभाषा कोणती आणि काळ कोणता, ते कमेंटमध्ये लिहा. त्यावरून कोणते विभाग बघायचे ते सांगता येईल.