बिघाड ‘इन’, ‘फ्रॉम’ की ‘विथ’?

प्रश्न : मी कारखान्याच्या देखभाल विभागात आहे. यंत्र बंद पडले की अहवाल इंग्रजीत द्यावा लागतो. ‘द प्रॉब्लेम लाइज इन’, ‘लाइज विथ’ आणि ‘स्टेम्स फ्रॉम’ यांपैकी केव्हा काय लिहावे?

उत्तर : पावसामुळे, हयगयीमुळे, ठेकेदारामुळे असे म्हणताना मराठीत ‘मुळे’ एवढ्यावर भागते. इंग्रजीत मात्र बिघाड कुठे आहे, तो कशातून उद्भवला आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे तीन प्रश्न सहसा वेगळे ठेवले जातात.

अपोलो १३ चे उदाहरण पाहा. १३ एप्रिल १९७० रोजी चंद्राच्या वाटेवर असताना या यानातील ऑक्सिजनची दोन क्रमांकाची टाकी फुटली. बिघाडाची जागा टाकीत, म्हणून ‘द प्रॉब्लेम ले इन द टँक’. चौकशीत असे निघाले की हीटरचे थर्मोस्टॅट स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले होते, पण उड्डाणापूर्वी टाकी रिकामी करताना त्यांना ६५ व्होल्टचा पुरवठा मिळाला; त्यामुळे ते चिकटून बसले, हीटर तापतच राहिला आणि आतल्या तारांवरचे टेफ्लॉनचे आवरण खराब झाले. हा उगम झाला, म्हणून ‘इट स्टेम्ड फ्रॉम द स्विचेस’. स्विच नव्या व्होल्टेजला चालणारे नाहीत, ही गोष्ट नासा, मुख्य कंत्राटदार आणि उपकंत्राटदार या तिघांच्याही नजरेतून सुटली होती; तेव्हा जबाबदारीबाबत लिहायचे ते ‘द फॉल्ट ले विथ ऑल थ्री’.

‘लाइज विथ’ वस्तूंबाबतही वापरतात आणि ते चूक नाही. ‘लाइज’चा भूतकाळ मात्र ‘ले’ होतो. ‘लाइड’ लिहिल्यास ‘खोटे बोलला’ असा अर्थ होतो. ‘रिझल्ट’चीही अशीच गल्लत होते : ‘रिझल्टेड फ्रॉम’नंतर कारण येते, ‘रिझल्टेड इन’नंतर परिणाम. या दोहोंची अदलाबदल झाली की अहवालाचा अर्थच उलटतो.

आपल्या कामात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ‘विथ’बाबतची सावधगिरी. ‘द फॉल्ट लाइज विथ द ऑपरेटर’ हे वाक्य इंग्रजी वाचणाऱ्याला थेट ठपका म्हणूनच कळते. चौकशी पुरी झालेली नसेल आणि बेअरिंग जळालेले एवढेच दिसत असेल, तर ‘द प्रॉब्लेम इज इन द बेअरिंग’ इतकेच लिहावे. कामगाराचे नाव त्या वाक्यात ओढू नये.