कच्चे सोयाबीन का पचत नाही?

प्रश्न : घरचे सोयाबीन आम्ही कच्चेच गव्हात मिसळून दळून आणतो. ते आधी उकळून घ्यावे, असे अंगणवाडीताई सांगतात. रात्रभर भिजवले तर पुरेसे नाही का?
– एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : अंगणवाडीताईंचा सल्ला योग्य आहे आणि तो प्रत्येक घरात पाळला जावा असे मला मनापासून वाटते. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ नीट होत नाही, तेच शिजवून दिल्यास होते, हे ऑस्बोर्न आणि मेंडेल यांनी 1917 मध्येच दाखवले होते. त्यामागचे एक प्रमुख कारण असलेले प्रथिन मोझेस कुनित्झ यांनी 1945 मध्ये स्फटिकरूपात वेगळे केले.

आपल्या स्वादुपिंडातून येणारे ट्रिप्सिन हे विकर अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. सोयाबीनमधील हे रोधक प्रथिन ट्रिप्सिनच्या नेमक्या कार्यस्थानी, कुलपात चावी अडकून बसावी तसे, घट्ट बसते आणि ते विकर निकामी होते. उंदीर आणि कोंबडीची पिल्ले यांच्यात असे दिसते, की ट्रिप्सिन कमी पडल्यामुळे स्वादुपिंड अधिकाधिक विकरे स्रवते व आकारानेही वाढते. या विकरांत गंधकयुक्त अमिनो आम्ले भरपूर असल्याने ती विष्ठेवाटे वाया जातात, आणि सोयाबीनमध्ये नेमकी त्यांचीच उणीव असते.

झाडाच्या दृष्टीने हे बियांचे संरक्षण आहे, कारण अळीचे पचनही अशाच विकरांवर चालते. अर्थात अळीही मागे राहत नाही : घाटेअळीच्या आतड्यातील विकरे हरभऱ्यातील अशा रोधकांनाच मोडून टाकू शकतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केले.

केवळ भिजवल्याने हे रोधक फारसे कमी होत नाहीत, मात्र भिजलेल्या दाण्यात उष्णता आतपर्यंत पोहोचते. सोयाबीनमध्ये बोमन-बर्क नावाचा दुसरा, आकाराने लहान रोधक असतो. सात गंधक-बंधांनी बांधलेला असल्यामुळे तो कुनित्झ यांनी वेगळ्या केलेल्या रोधकापेक्षा उष्णतेत अधिक टिकून राहतो. पोळी तव्यावर थोडाच वेळ राहते, म्हणून तेवढ्या भाजण्यावर विसंबू नये. दाणे भिजवून, पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे चांगले उकळून, कडक उन्हात पूर्ण वाळवावेत आणि मगच गव्हात मिसळावेत. कोंबड्यांनाही कच्चा भरडा घालू नये.