वॉर्ड की उपकेंद्र?

प्रश्न : मी जीएनएम नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गाव गोंदियातल्या सालेकसा तालुक्यात. उपकेंद्रातली पोस्टिंग मला आवडली. घरचे म्हणतात, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात लाग. सार्वजनिक आरोग्यात जायचं तर पुढे काय करू?

उत्तर : आधी कागदांचं बघा. जीएनएम ही पदविका. एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर शिक्षणाला, पदवी लागते. उपकेंद्रावरच्या समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ पदाच्या जाहिरातीही आपल्या राज्यात मुख्यतः बीएएमएस, बीयूएमएस आणि बी.एस्सी. नर्सिंगवाल्यांसाठी निघत आल्या आहेत. म्हणून निकाल लागला की महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी करा आणि 2 वर्षांच्या पोस्ट बेसिक बी.एस्सी.चा अर्ज भरा. सीएचओचं पद कंत्राटी असतं, हे घरी आत्ताच सांगून टाका.

आवडलेलं काम जमतंही का, हे पोस्टिंग संपायच्या आत तपासा. हजेरीच्या सह्यांपुरतं जाऊ नका. लसीकरणाच्या दिवशी लसी न्यायचा थंड डबा, म्हणजे कॅरियर, स्वतः भरा. डीप फ्रीझरमधले आइस पॅक तसेच ठेवले तर पेंटाव्हॅलंट, टीडी या लसी गोठून निकामी होतात. पॅक हलवल्यावर आत पाणी खळखळेपर्यंत ते बाहेर ठेवायचे. सकाळच्या घाईत नेमकं हेच राहतं.

आपल्याकडे खरी कसोटी मात्र सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली तरी माणूस वाहक (सदोष जनुक एकाच पालकाकडून आलेला) आहे की रुग्ण, ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासण्यांवरच कळतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन शिल्लक असतं, त्यामुळे रोग असूनही सोल्युबिलिटी चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर दर गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. लोक हिशेब मांडतात, पहिलं आजारी निघालं, आता पुढची तीन चांगली. हा हिशेब खोडता आला पाहिजे. वाहक मुलीला आजारी ठरवून सोयरीक मोडू पाहतात, तेव्हा मुलाची चाचणी करून घ्या. तो एए, म्हणजे सिकलसेलचं जनुक नसलेला, आला तर त्यांचं मूल फार तर वाहक होईल, सिकलसेलचं रुग्ण नाही, हे दोन्ही घरी बसून समजवावं लागतं. तेही धानाच्या रोवणीच्या दिवसांत संध्याकाळी, बाया बांधीवरून, म्हणजे शेतातून, परतल्यावर. दुपारी गेलात तर दाराला कडी दिसेल.