कांजी: चित्रं काढा, पण आपल्या मनातली

तुम्हाला जपानला निघायला पाच महिने आहेत, हिरागाना-काताकाना या जपानीच्या दोन उच्चारलिप्या झाल्यात, पण २,१३६ जोयो कांजींचा, म्हणजे रोजच्या वापरातल्या चिनी मुळाच्या अक्षरांचा, आकडा पाहून पोटात गोळा आला. चित्रांनी त्या खरंच लक्षात राहतात का, असं तुम्ही विचारलंत. राहतात. मी आठ वर्षं नागोयात आहे, आणि अजूनही कितीतरी कांजी चित्रांवरूनच ओळखते.

झाडाची कांजी झाडासारखीच दिसते: खोड, फांद्या, मुळं. दोन झाडं म्हणजे राई, तीन म्हणजे जंगल. झाडाला माणूस टेकला की विश्रांती. पण इतकी सरळ चित्रं थोडीच. बहुतेक कांजी तुकडे जोडून बनतात. एक तुकडा अर्थ सुचवतो, दुसरा उच्चार.

मी अडले ते 'मोत्सु' म्हणजे हातात धरणं आणि 'मात्सु' म्हणजे वाट पाहणं, या दोघांत. उच्चार जवळचे आणि दोन्हींत उजवीकडे देवळाची कांजी! इंग्रजी पुस्तकांतल्या गोष्टी घोकल्या, पण आधी ती गोष्ट आठवायची, मग तिचा अर्थ, मग जपानी शब्द. तोवर समोरचा माणूस थांबणार किती? शेवटी आपलीच चित्रं केली. देवळाच्या डावीकडे हात असला, तर हातात नारळ धरलाय. डावीकडे वाट असली, तर पंढरपूरची दर्शनबारी, तासन्‌तास वाट पाहायची. सूर्य असला तर 'वेळ', काकडआरतीची. 'औषध' तर आपल्यासाठीच बनवल्यासारखं: वर गवत, खाली 'आराम'. झाडपाल्यानं आराम! ही व्युत्पत्ती नव्हे, लक्षात ठेवायची युक्ती आहे, पण औषधाच्या दुकानाची पाटी मला पहिल्या आठवड्यात वाचता आली ती यामुळेच.

नेमके उच्चार मात्र अशा चित्रांतून येत नाहीत, ते शब्दातूनच शिका. पाण्याच्या कांजीला 'मिझु' म्हणतात आणि 'सुइ'ही. यात घाबरण्यासारखं काही नाही. आपणही पाणी पितो, पण पोहण्याला जलतरण म्हणतो. जपानीतही पोहणं म्हणजे 'सुइएइ'. सुटी कांजी पाठ करण्यापेक्षा असे जोडशब्द रोज पाच करा.

आणि घर ठरलं की १४ दिवसांत तिथल्या पालिकेत पत्ता नोंदवावा लागतो. मोबाईलवर नुसतं टाइप करून कांजी ओळखायला येते, पण अर्जावर हातानं लिहायला येत नाही. म्हणून पत्ता कळला की त्यातल्या कांजी चौकटीच्या वहीत रोज एक पान गिरवा. टोकियोला जाणार असाल, तर 'टोकियो'पासून आजच सुरुवात करता येईल.