साहेब फार बोलतो

तुमची तक्रार थोडक्यात अशी: डिचोलीच्या बंद खाणीत काहीतरी सापडतं, ते दडपायला पणजीहून एक बडा अधिकारी येतो, पण तुमची मालिका वाचणाऱ्या कुणालाच त्याची भीती वाटत नाही. आणि 'द एक्स-फाइल्स' या अमेरिकन रहस्यमालिकेतला तो सिगरेटवाला मात्र नुसता उभा राहिला तरी पोटात गोळा येतो. हे कसं?

तुमचा पहिला भाग दोनदा वाचला. खाण मस्त उतरलीय, खंदकात साठलेलं ते हिरवट पाणी तर फारच. साहेब मात्र फार बोलतो. आल्या आल्या टेबलावर मूठ आपटतो, "या राज्यात मी म्हणेन तेच सत्य" असं ऐकवतो. मूठ आपटावी लागते त्याची सत्ता तेवढीच, हे प्रेक्षकाला बरोब्बर कळतं.

आता १० सप्टेंबर १९९३ला दाखवलेला 'एक्स-फाइल्स'चा पहिला भाग आठवा. नायिका स्कली ही एफबीआयची एजंट. तिला वरिष्ठांनी बोलावलंय, नायक मल्डर या सहकाऱ्यावर लक्ष ठेवायचं काम तिच्या गळ्यात घालताहेत. मागे कपाटाला टेकून एक माणूस सिगरेट ओढतोय. नाव नाही, हुद्दा नाही, तोंडून एक शब्द नाही. त्याची कुणी ओळखही करून देत नाही. विल्यम बी. डेव्हिस हा नट खरं तर संवाद असलेल्या भूमिकेसाठी गेला होता, पदरात पडली ही मुकी भूमिका. शेवटी हाच माणूस एका लांबलचक गोदामात जातो. दोन्ही बाजूंना छतापर्यंत खोकी. मल्डर-स्कलीने जिवावर उदार होऊन मिळवलेला एकुलता एक पुरावा, ती इवलीशी धातूची वस्तू, तो एका खोक्यात टाकतो. आत तसल्याच आणखी आहेत. बाहेर पडून दार लावतो आणि दारावरच्या नकाशावरून आपल्याला कळतं की ही इमारत पेंटॅगॉन आहे. बस्स. ना रक्त, ना किंकाळी. ज्याच्यासाठी नायक तासभर धावला, ते इथे आधीपासून जावक क्रमांक घालून पडलेलं होतं!

ही भीती गोंयकाराला समजावून सांगायला नको. वडील गेल्यावर जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आमची नावं चढवायला मी दीड वर्ष एका कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या. खिडकीवरच्या बाईंशी भांडलो, नंतर मैत्रीही झाली. पण दर वेळी फाईल कुठे आहे म्हणून विचारलं की त्या मान न वळवता फक्त डोळे आतल्या केबिनकडे नेत. अर्धं दार, त्याच्याखाली दिसणारे दोन काळे बूट. दीड वर्षात त्या माणसाचा चेहरा मी पाहिला नाही. बाईंचा राग आला असेल, पण घाबरायचो मी त्या बुटांना.

आणखी मागे जा. पोर्तुगीज अमदानीच्या शेवटच्या वर्षांत इथे पीडे होती, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याची गुप्त पोलीस. आमचे आजोबा मुक्तीनंतर कितीतरी वर्षांनीसुद्धा 'पीडे' हा शब्द आवाज खाली आणूनच उच्चारत. आजेंत मोंतेरोला, म्हणजे त्या काळच्या कुप्रसिद्ध पोलिसाला, मात्र ते बलकांवात, घरापुढच्या ओसरीत बसून खुशाल शिव्या घालत, कारण मारणारा माणूस डोळ्यांसमोर होता. कुणाला उचलायचं ती यादी करणारा कोण, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. तुमचा खलनायक त्या यादीवाल्याच्या जातीचा हवा. तुम्ही मोंतेरो लिहिलाय आणि त्याला सफारी घातलीय.

सिगरेटवाल्याचंही पुढे वाटोळं झालंच, तेही बघून ठेवा. नाव दिलं, बायको दिली, मुलगा दिला. मग तो नायकाचा बाप निघाला, २०१८मध्ये तर नायिकेच्या मुलावरही हक्क सांगू लागला. २००२च्या शेवटच्या भागात क्षेपणास्त्राने जाळून त्याची कवटी उघडी पाडली, तरी २०१६मध्ये स्वारी परत, गळ्याच्या भोकातून धूर ओढत! माझ्या मते पहिल्या दोन-तीन वर्षांतला तो खरा, बाकी सगळी लांबलेली जत्रा.

अपवाद एकच, चौथ्या पर्वातला 'म्यूझिंग्ज ऑफ अ सिगरेट स्मोकिंग मॅन' हा १९९६चा भाग. त्यात त्याचा अख्खा इतिहास आहे, आणि तो खरा की ऐकीव ते शेवटपर्यंत धड कळत नाही. राष्ट्राध्यक्ष मारणारा हा माणूस रात्री टाइपरायटरवर रहस्यकथा बडवतो आणि त्या साभार परत येतात. नाताळात हाताखालच्यांना भेटी देतो तर सगळ्यांना अगदी एकसारखा टाय. अखेर एक कथा छापून येते, तो राजीनामा टाइप करतो, अंक विकत घेतो आणि बघतो तर संपादकाने शेवट बदललेला. राजीनामा फाडतो, पुन्हा कामाला लागतो. इथे त्याची कीव येते आणि भीती तसूभरही कमी होत नाही. साहेबाला माणूस करायचाच असेल तर असा करा. लहानपणी बापाने मारलं वगैरे नको.

तुमच्या संहितेपुरतं सांगतो. पहिल्या भागातली त्याची सगळी वाक्यं काढा. ती मामलेदाराच्या तोंडी घाला, आणि प्रत्येक वाक्यानंतर मामलेदाराने एकदा खिडकीकडे बघू दे, जिथे साहेब पाठ करून उभा आहे. सिगरेट नको, ती त्या माणसाची झाली. (डेव्हिसने स्वतः धूम्रपान कधीच सोडलं होतं, पडद्यावर पहिले एक-दोन भाग सोडले तर तंबाखूविना वनस्पतींच्या सिगरेटी ओढायचा.) आपल्या साहेबाच्या हातात पेनाचं टोपण द्या, उघड-बंद, उघड-बंद. भूगर्भतज्ज्ञ मुलगी नमुन्याची बाटली टेबलावर ठेवते तेव्हा तो आवाज थांबू दे. मग तो येतो, बाटलीवर चिठ्ठी डकवतो, नंबर घालतो. आणि तो नंबर एक नसावा. चारशे सत्तावीस वगैरे काहीतरी असू दे.

दुसरा भाग लिहून झाला की पाठवा. त्यात तो मुलीला जेवायला बोलावतो तो प्रसंग आहे ना, तो तूर्त तसाच ठेवा, मला त्याबद्दल वेगळं बोलायचंय.